आम्हाला पाण्यात पाहिलं

तिला सगळे पाणकोंबडी म्हणायचे. नाव ठेवलं होतं तिच्या नवऱ्यानंच. पन्नाशी उलटलेली बायको एक दिवस जेवताना म्हणाली, "मी पोहायला शिकणार," तेव्हा त्याला असा ठसका लागला की तिलाच उठून पाणी आणून द्यावं लागलं. मग म्हणाला, "या वयात? आणि हा देह घेऊन? पाणकोंबडी होणार की काय!" दुसऱ्या दिवशी तो हे शेजाऱ्यांना सांगत सुटला आणि नाव चिकटलं ते चिकटलंच. तिला राग येईल असं त्याला वाटलं होतं. ती म्हणाली, "कोंबडी तर कोंबडी. बुडत तर नाही ना ती?"

कपडे दुरुस्तीचं तिचं छोटंसं दुकान होतं, रस्त्याला लागूनच. पँटची लांबी कमी करायची, कोटाचं अस्तर बदलायचं, अडकलेली चेन काढून नवी बसवायची, असली कामं. वर्षानुवर्षं शिलाई मशीनच्या पायडलवर पाय मारून तिच्या गुडघ्यांनी अखेर संप पुकारला. डॉक्टर म्हणाले, औषधं घ्याल तेवढी घ्या, पण खरा उपाय पाणी. पालिकेच्या तरणतलावात जाऊन नुसतं चालत राहा. ती चालायला गेली आणि पोहायला शिकून आली. कठड्याला धरून पाय मारता मारता एका दुपारी कठडा सुटला, नाकातोंडात पाणी गेलं, आणि वर आली तेव्हा ती चक्क तरंगत होती. तिथंच तिनं मोठ्यांदा आरोळी ठोकली. दुकानात हळू आवाजात "उद्या देते हं" म्हणणाऱ्या बाईच्या गळ्यात एवढा आवाज असेल, हे कुणाला माहीतच नव्हतं.

दुपारचा तो तास फक्त बायकांचा. पुरुष शिक्षक निघून जायचे, फाटकाला आतून कडी लागायची, आणि पहारेकरी बाहेर खुर्ची टाकून तलावाकडे पाठ करून बसायचा. आत राज्य शिट्टीवालीचं. ही तिथली जीवरक्षक. उंच, काळी, काटक बाई, गळ्यात शिट्टी आणि जिभेवर मिरची. "ओ मावशी, पाण्याला मारताय का पोहताय?" असं ती पाणकोंबडीला रोज विचारायची.

बाजारातून आणलेले पोहण्याचे पोशाख पाणकोंबडीला होईनात. "हे एक तर बाहुलीसाठी शिवलेत, नाहीतर तंबूसाठी," असं म्हणून तिनं ताणणारं कापड आणलं आणि स्वतःच एक शिवला. कोपरापर्यंत बाह्या, गुडघ्यापर्यंत पाय आणि चेन पुढून. मागची चेन ओढायला घरात माणूस लागतो, आणि माणूस नेमका तेव्हाच आंघोळीला गेलेला असतो. तो पोशाख बघून बाकीच्या बायकाही तिच्या मागे लागल्या. बघता बघता अर्धा तलाव तिच्या हातच्या कपड्यांत पोहू लागला.

त्यातच बँकेतली कॅशियर होती. पंचेचाळिशीची, गप्प, काटेकोर. तिनं माप द्यायला दुकानाचं दार आधी लावून घेतलं होतं. एका बाजूचा स्तन शस्त्रक्रियेत काढलेला. बँकेत तिनं मणक्याचं दुखणं सांगून रजा घेतली होती, तलावावरही तेच सांगितलं होतं. घरच्यांखेरीज कुणाला काही ठाऊक नव्हतं. पाणकोंबडीनं काही न विचारता पोशाखात आतून एक कप्पा शिवला, त्यात भरीव गादी बसवता येईल असा. पहिले काही दिवस कॅशियर ती घालून पोहली. मग एके दिवशी पाण्यातून वर आली आणि गादी काढून कठड्यावर पिळायला लागली. "स्पंज झालाय नुसता! हे ओझं घेऊन मी काय तरणार?" म्हणाली आणि हसायला लागली. तिला असं हसताना कुणी पाहिलं नव्हतं. त्या दिवसापासून गादी पिशवीतच राहायची. पाण्यात कोण कुणाकडे बघतंय? सगळ्यांच्या नजरा आपण बुडत तर नाही ना, याच्यावर.

मग ती सकाळ उजाडली. पाणकोंबडीचा नवरा शहर वाहतुकीत बसचालक. पाव आणायला म्हणून बाहेर पडला आणि पाव विसरून वर्तमानपत्रांचा गठ्ठा घेऊन धापा टाकत जिना चढून आला.

"अगं, तू छापून आलीस! पहिल्या पानावर! मंत्र्याच्या वर!"

खरंच होती. पानाच्या वरच्या अर्ध्या भागात, रंगीत, एवढी मोठी. कठड्यावरून उडी मारलेली, गुडघे पोटाशी, हात पसरलेले, तोंड उघडं. खाली पाण्याचे फवारे. वर मथळा : "उकाडा? कसला उकाडा?"

ती कितीतरी वेळ बघत राहिली. जन्मात तिचा एकही फोटो धड आला नव्हता. शाळेतल्या फोटोत डोळे मिटलेले, लग्नातल्यात रडून नाक सुजलेलं, ओळखपत्रावर तर पोलिसांना हवी असल्यासारखी. आणि ही बाई? ही तर हवेत होती. गुडघे दुखणारी, चेनी बदलणारी ती ही नव्हेच. "बाई गं," ती पुटपुटली, "मी अशी दिसते?"

"अशीच दिसतेस," नवरा म्हणाला, आणि लगेच लाजून पाव आणायला परत खाली पळाला.

सकाळभर दुकानात रीघ. ज्यांचं काही फाटलं नव्हतं तेही येऊन गेले. तिचे पाय जमिनीला लागत नव्हते. दुपारी ती हवेत तरंगतच तलावावर गेली, आणि दारातच थबकली. अर्ध्या बायका आल्याच नव्हत्या. आल्या होत्या त्या काठावर टॉवेल लपेटून बसलेल्या. पाण्यात कुणीच नाही. शिट्टीवालीच्या हातात पेपर होता.

"मावशी, तुम्ही सोडून फोटोत आणखी कोण आहे, पाहिलंत का?"

पाणकोंबडीनं पाहिलं नव्हतं. आता पाहिलं. तिच्या मागे, काठावर, कॅशियर बसली होती. दोन्ही हात वर करून ओले केस बांधत होती. ओला पोशाख अंगाला चिकटलेला. एक बाजू भरलेली, एक सपाट. कॅमेरा चांगला असावा. सगळं लख्ख दिसत होतं.

सकाळपासून पाणकोंबडीनं तो फोटो शंभरदा बघितला असेल, आणि प्रत्येक वेळी फक्त स्वतःलाच.

संध्याकाळी ती कॅशियरच्या घरी गेली. कॅशियरनं साखळी न काढता फटीतून पाहिलं, मग दार उघडलं. अजून बँकेतल्याच कपड्यांत होती.

"हौसेनं लावला हो बँकेतल्यांनी," ती म्हणाली. "सूचनाफलकावर. 'बघा आमच्या मॅडम पोहतात!' मनात वाईट काही नव्हतं कुणाच्या. सगळे येऊन बघत होते. आधी फोटो बघायचे, मग माझ्याकडे वळायचे. ताई, दिवसभरात माझ्या तोंडाकडे कुणी बघितलंच नाही."

पाणकोंबडीनं कॅशियरचा हात हातात घेतला आणि म्हणाली, "मी जाते त्या पेपरवाल्यांकडे."

"माझं नाव नका काढू. माझं दुखणंही नको."

"मशीनवर हात ठेवून सांगते, नाही काढणार."

"इथं मशीन कुठंय?"

"दुकानात गेल्यावर ठेवते," पाणकोंबडी म्हणाली, आणि त्याही परिस्थितीत कॅशियरच्या ओठाचा कोपरा जरा हलला.

दुसऱ्या दिवशी शिट्टीवालीनं आलेल्या बायकांना घेऊन पाण्यात उतरून चहूकडे नजर फिरवली आणि फोटो काढल्याची जागा हुडकली. समोरच्या इमारतीच्या गच्चीवर पाण्याची टाकी होती. तिच्यावर चढलं तरच भिंतीच्या वरून तलाव दिसतो, एरवी नाही. एवढं कळलं आणि बायकांचं डोकं फिरलं. कपडे बदलायलाही कुणी थांबलं नाही. पोशाखावर लांब गाऊन, पायांत चपला, गळ्यात टॉवेल, केसांतून पाणी निथळतंय, अशी ती वरात भर दुपारी वर्तमानपत्राच्या कचेरीत शिरली. स्वागतकक्षातल्या गालिच्यावर ओल्या पावलांची नक्षी उमटली. तिथली मुलगी घाबरून म्हणाली, "कुणाला भेटायचंय?"

"ज्यांनी आम्हाला पाण्यात पाहिलं, त्यांना," पाणकोंबडी म्हणाली.

संपादक सभ्य माणूस होता. चष्मा कपाळावर, शर्टाच्या खिशाला शाईचा डाग. त्यानं सगळ्यांना बसवलं, चहा मागवला, आणि कुणी तोंड उघडायच्या आत म्हणाला, "तुमचा फोटो काय सुंदर आलाय! कालपासून वाचकांचे फोन चालूच आहेत."

"मलाही आवडला," पाणकोंबडी म्हणाली.

शिट्टीवालीनं तिला कोपरानं ढोसलं. पण ती खोटं कशाला बोलेल?

"आवडला हो. माझा इतका चांगला फोटो कुणी काढला नाही. पण मला विचारलं कुणी? माझ्या मागे बसलेल्यांना विचारलं?"

"बाई, पालिकेचा तलाव म्हणजे सार्वजनिक जागा. त्यात काही वावगंही छापलेलं नाही. आनंदाचा फोटो आहे." संपादकानं हात पसरले. "बरं, नक्की कुणाला त्रास झाला? काय झालं? तेवढं कळलं तर मला काही करता येईल."

पाणकोंबडीनं चहाचा कप खाली ठेवला.

"ते नाही सांगणार."

"मग मी काय समजायचं?"

"साहेब, जे तुम्ही न विचारता चव्हाट्यावर मांडलंत, तेच आता मी इथं चहाबरोबर मांडू? मग तुमच्यात आणि माझ्यात फरक काय राहिला? त्रास झालाय. माझ्या शब्दावर धरायचं तर धरा."

संपादकानं चष्मा कपाळावरून नाकावर घेतला आणि छायाचित्रकाराला बोलावलं. तिशीतला माणूस, खांद्याला कॅमेऱ्याचा पट्टा, हसतमुख. बायकांचा तो ओला ताफा बघून त्याचं हसू मावळलं. पाणकोंबडीनं त्याला शेजारच्या खुर्चीवर बसवलं. आवाज चढवला नाही. गिऱ्हाइकाला 'कुठं फाटलंय' विचारावं तसं विचारलं.

"तू दारातून का नाही आलास?"

"दारातून आत सोडलं नसतं."

"मग टाकीवर चढलास."

"हो. वरून प्रकाश फार छान होता."

"असेल. किती वेळ होतास वर?"

"बराच. मध्ये एकदा शिट्टी वाजली तेव्हा खाली वाकलो, मग पुन्हा..." तो बोलता बोलता थांबला.

"का वाकलास?"

त्यानं संपादकाकडे बघितलं, मग पायांतल्या बुटांकडे. "मला वाटलं, दिसलो की काय."

आता कुणाला काही बोलायची गरज उरली नाही. वाकला म्हणजे लपला, आणि लपला म्हणजे त्यालाही कळत होतं. तोच हळू आवाजात म्हणाला, "सर, या म्हणतात ते बरोबर आहे. प्रकाश बघितला आणि बाकी काही बघितलंच नाही मी."

"मीही तेच केलं," पाणकोंबडी म्हणाली. त्यानं चमकून तिच्याकडे पाहिलं, पण तिनं पुढे काही सांगितलं नाही.

संपादक म्हणाला, "ठीक आहे. उद्या आतल्या पानावर दोन ओळींची दिलगिरी घालतो."

"वा! म्हणजे चोरी चौकात आणि माफी मोरीत?"

खोलीत हशा पिकला. छायाचित्रकारही हसला आणि मग त्यानं तोंडावर हात घेतला. पण संपादक हसला नाही. पहिलं पान आपल्या एकट्याच्या हातात नाही, वर मालक आहेत, विचारून सांगतो, असं म्हणून त्यानं त्यांना दारापर्यंत पोचवलं.

दोन दिवस गेले, काही आलं नाही. बायका म्हणाल्या, पालथ्या घड्यावर पाणी. पाणकोंबडीनं मात्र सुईदोरा, कात्री आणि दुरुस्तीच्या कपड्यांचं बोचकं उचललं आणि सरळ वर्तमानपत्राच्या स्वागतकक्षात जाऊन खिडकीशी बसली. कुणाला त्रास नाही, घोषणा नाही. शांतपणे बटणं लावत बसली. संपादक येता जाता बघायचा.

"बाई, तुम्ही अजून इथंच?"

"दुकान हलवलंय. इथं उजेड छान आहे."

पहिल्या दिवशी स्वागतकक्षातल्या मुलीनं लाजत लाजत आपल्या पर्सची तुटलेली चेन दाखवली. दुसऱ्या दिवशी छपाईतले दोघं शर्ट घेऊन आले. मग क्रीडा पानवाले, मग हिशेब खात्यातले. सगळ्यांना तिथं बसलेल्या बाईचं म्हणणं काय आहे ते हळूहळू कळलं, कारण टाके घालायला वेळ लागतो आणि समोरचा तेवढ्यात विचारतोच. कचेरीत वाद पेटले. कुणी म्हणे, असं विचारत बसलो तर पेपर निघायचाच नाही. कुणी म्हणे, माझ्या आईचा असा फोटो छापला असता तर? एक जुनी बातमीदार बाई तर थेट संपादकाच्या खोलीत गेली आणि बऱ्याच वेळानं लालबुंद होऊन बाहेर आली. जाता जाता तिनं पाणकोंबडीला नुसती मान हलवून दाखवली.

अखेर एका संध्याकाळी संपादक स्वतः हातात कागद घेऊन बाहेर आला आणि तिच्या शेजारी बसला. "उद्या हे जातंय. पहिल्या पानावर, त्याच जागी, तेवढ्याच आकारात. मालक तयार नव्हते, पण झाले. तुम्ही एकदा वाचून घ्या."

तिनं सुई रुमालात खोचली आणि कागद वाचला. "हे काय लिहिलंय? 'कुणाच्या भावना दुखावल्या असल्यास'?"

"असं लिहायची पद्धत आहे."

"असल्यास काय? दुखावल्यात. आणि भावना बाजूला ठेवा हो. तुम्ही काय केलंत ते लिहा ना. मी कुणाचा कोट जाळला तर 'कोटाच्या भावना दुखावल्या असल्यास' म्हणेन का? इस्त्री जास्त तापली, चूक माझी, असं म्हणेन."

संपादक खो खो हसला. पहिल्यांदाच. त्यानं खिशातलं पेन काढलं आणि ती ओळ खोडली.

सकाळी पेपर आला. फोटोच्या जागी तेवढाच मोठा करडा चौकोन, आणि त्यात एवढंच : "या जागी आम्ही बायकांच्या राखीव वेळेतला, लपून काढलेला फोटो त्यांना न विचारता छापला. ते चूक होतं. आम्ही माफी मागतो. फोटो संकेतस्थळावरून काढला आहे. जिथं दारातून प्रवेश नाही, तिथला फोटो यापुढे भिंतीवरून घेणार नाही." नवऱ्यानं त्या दिवशीही गठ्ठा आणला. बायको छापून आलेली नसली तरी करडा चौकोन तिचाच होता, म्हणाला.

छायाचित्रकार दुकानात आला तो पाकीट घेऊन. त्यात फक्त तिच्या एकटीचा फोटो, बाकी सगळं कापलेलं. "ठेवायचा की फाडायचा, तुम्ही ठरवा," म्हणाला. तिनं तो कपाटाच्या दाराला आतून लावला. नवरा तेव्हापासून मोजे शोधायला फार वेळ लावतो.

पालिकेनं भिंतीवर हिरवी जाळी बसवली, तिच्या कडा पाणकोंबडीनं शिवून दिल्या. बायका परत येऊ लागल्या. कॅशियर मात्र आली नाही. पाणकोंबडीनं निरोप धाडला नाही, घरीही गेली नाही. तिला यायचं तेव्हा ती येईल.

आणि एका दुपारी फाटकाची कडी लागता लागता ती आत आली. पोशाख घालूनच, गादी न घालता. सगळ्यांनी बघितलं आणि सगळ्यांनी न बघितल्यासारखं केलं. फक्त शिट्टीवाली ओरडली, "ओ मॅडम, इतक्या दिवसांची रजा? मणक्याचं दुखणं काय?"

"मणक्याचं नव्हतंच," कॅशियर म्हणाली. मग पाणकोंबडीजवळ येऊन पाण्यात पाय सोडून बसली. "ताई, मी बँकेत सांगितलं. सगळ्यांना नाही, माझ्या शेजारच्या खिडकीवर बसते तिला. जेवणाच्या सुट्टीत. कसं झालं, केव्हा झालं, सगळं. ती रडली आणि मलाच तिला गप्प करावं लागलं!" आणि ती हसायला लागली. "माझ्या तोंडानं सांगितलं. किती हलकं वाटलं!"

"मग आता हलकी झालीस तर तरंगशील," पाणकोंबडी म्हणाली आणि तिला पाण्यात ढकललं. त्या दिवशी कॅशियर न थांबता पलीकडच्या काठापर्यंत गेली. शिट्टीवालीनं शिट्टी फुंकली ती थांबवेचना.

आता पाणकोंबडीची साठी जवळ आली. गुडघे कुरकुरतात, पण पाण्यात शिरले की गप्प होतात. रविवारी सकाळी सगळ्यांना खुला असा तास असतो, आणि गेल्या महिन्यापासून ती नवऱ्याला तिथं घेऊन जाते. आयुष्यभर भरगर्दीतून बस हाकणारा हा माणूस कमरेएवढ्या पाण्यात कठडा दोन्ही हातांनी कवटाळून उभा राहतो.

"हात सोडा."

"सोडतो."

"अहो, सोडा ना! मी आहे."

"सोडतो म्हटलं ना. पण तू आधी तिकडे तोंड कर. बघू नकोस."

ती हसत हसत पाठ फिरवून उभी राहिली. मागे बऱ्याच वेळानं धप्पकन आवाज झाला, पाणी उडालं आणि ओरडाही ऐकू आला. तरी तो "बघ आता!" म्हणेपर्यंत तिनं मान वळवली नाही.